तोक्योत भाषा शिकायला निघालास, तर शाळेबाहेरच्या वेळाविषयी

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एन-४ ही जपानी भाषेची परीक्षा पास झालास (एन-नंतरचा आकडा लहान, तशी पातळी वरची), एप्रिलपासून तोक्योतल्या लँग्वेज स्कूलमध्ये दोन वर्षांसाठी प्रवेश मिळाला, पण वर्ग रोज अर्धाच दिवस. मग उरलेल्या वेळात राहणं, खाणं, काम आणि फिरणं कसं बसवायचं? आणि बेताच्या पैशांत फिरण्यावर खर्च करणं बरोबर आहे का?

मी स्वतः तोक्योत अशीच शिकले आणि आता बरीच वर्षं पुण्यात जपानी शिकवते. दरवर्षी काही मुलं तिकडे जातात, परत आली की भेटायला येतात. त्यांना बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. दोन वर्षांत भाषा किती येते ते शाळा कुठली यावर थोडंफार ठरतं, पण वर्ग सुटल्यावर पाय कुठे वळतात यावर त्याहून जास्त ठरतं. आणि तिथेही दहा ठिकाणं एकेकदा बघणाऱ्यापेक्षा एकाच ठिकाणी दहा वेळा जाणारा पुढे निघून जातो. तेव्हा फिर, जरूर फिर. फक्त कसं फिरायचं ते आधी ठरव.

शाळेत आठवड्याला वीस तासिका असतात, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. सकाळची तुकडी मिळाली तर दुपारी एकच्या आत मोकळा होशील. बहुतेक मुलांचा दिवस मग असा जातो: शाळा, बाइतो म्हणजे पार्टटाइम काम, खोली. रविवारी आपल्याकडच्याच चार मुलांबरोबर खिचडी. यात चूक कुणाची नाही, थकायला होतं. पण अशी मुलं एन-२ पास होऊन येतात आणि पोट नेमकं कुठे, कसं दुखतंय हे डॉक्टरला सांगता येत नाही. परीक्षेच्या भाषेला समोरच्या माणसाची सवयच झालेली नसते.

आधी कागदपत्रं उरकून घे, कारण ती लांबली की फिरण्याचं मन राहत नाही. विमानतळावरच झाइर्‍यू कार्ड, म्हणजे तिथे राहायचं ओळखपत्र, हातात मिळतं. कामाच्या परवानगीचा अर्जही तिथेच देता येतो, भरून तयार ठेव. राहायचा पत्ता ठरल्यावर १४ दिवसांत कुयाकुश्योत, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत जाऊन नोंद करायची. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा, म्हणजे दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच तुझ्या खिशातून जातील. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनची नोंदणीही लागते. हप्त्यातून सूट मिळण्याचा अर्ज असतो, तो त्याच दिवशी माग. विमानतळावर मिळालेलं ते कार्ड कायम खिशात हवं, कायदाच आहे तो.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. आपलं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते पुण्यात असतानाच ठरव. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असतं. जपानी लिपीत 'ळ' नाही, 'ल' आणि 'र' एकच. आडनाव 'काळे' असेल तर इंग्रजी स्पेलिंग वाचून कचेरीतला माणूस सरळ 'कारे' लिहू शकतो, आणि 'कारे' म्हणजे जपानीत 'तो'. बँकेत एक, विम्याच्या कार्डावर दुसरं आणि मोबाइलच्या करारात तिसरं झालं, की प्रत्येक ठिकाणी पुन्हा फॉर्म. माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला पगार याच कारणाने परत गेला होता. एक रूप ठरव, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेव आणि सगळीकडे तेच दाखव.

घर बहुधा सहा ताताम्यांची खोली असेल, तातामि म्हणजे जमिनीवरची जाड चटई, खोली तिच्यावरून मोजतात. भिंती पातळ, रात्री दहानंतर फोनवर मोठ्याने बोलू नकोस. कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्डाप्रमाणे बदलतं. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, डबे, काच, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि तो त्या दिवशी सकाळीच ठेवायचा. चुकलं तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडतात आणि अख्खी गल्ली ती बघते. तक्ता फ्रिजवर लाव.

मिक्सर नेऊ नकोस. तिथे वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर नीट फिरणार नाही. लहान कुकर मात्र ने, बुडाला इंडक्शन चालणारा. तिथला तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट, त्यामुळे वरणभात अगदी घरच्यासारखा लागतो. तूरडाळ, हिंग, गोडा मसाल्याचं सामान शिन-ओकुबो स्टेशनजवळच्या मसाल्यांच्या गल्लीत मिळतं. निशि-कासाइला तर आपली माणसंच भेटतील. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय कुटुंबांचा. मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जरूर जा, मन भरून येतं. फक्त दर रविवारी तिथे जाऊ नकोस.

शाकाहारी असशील तर हे नीट वाच. 'निकु नाशि', म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात दाशि, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं सार, असतं आणि ते बहुतेक वेळा कात्सुओ माशाचं. हॉटेलवाला फसवत नसतो, त्याच्या लेखी तो मासा नव्हेच, पाणी आहे. 'साकाना नो दाशि मो दामे देस', म्हणजे माशाचं दाशिही चालत नाही, हे वाक्य पाठ कर. कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांतल्या, ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यांत) उमेबोशिची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, सगळ्यात सुरक्षित. कोम्बु समुद्री शेवाळच, पण त्या सारणात बऱ्याचदा कात्सुओचा अर्क असतो. पाकिटामागे घटकांच्या यादीच्या शेवटी कंसात अ‍ॅलर्जीचे पदार्थ एकत्र दिलेले असतात, तिथे डुक्कर, कोंबडी आणि गाय यांच्या कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, शोधायच्या. मासा त्या कंसात बहुधा नसतो, त्याची कांजी मूळ यादीतच शोध. या चार कांजी एन-३ च्या आधी येऊ देत.

आता मुख्य मुद्दा. एक जागा धर.

माझी जागा होती तोफुचं दुकान. मी किता वॉर्डात राहायचे, स्टेशनपासून घरापर्यंत शोतेन्गाई होती, म्हणजे छोट्या दुकानांची गल्ली. तिच्या मध्यावर एक आजी आणि त्यांचा मुलगा तोफु विकायचे. पाण्याने भरलेलं स्टीलचं टाकं, त्यात बुडलेले पांढरे ठोकळे. आजी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, तळव्यावर ठोकळा तोलत अलगद वर काढायच्या. जानेवारीत त्यांची बोटं लालबुंद असायची. पहिल्या दिवशी मी 'तोफू' मागितला, 'तो' तोकडा आणि 'फू' लांब, जसं आपण म्हणतो तसं. त्यांना कळलं नाही. मी बोट दाखवलं. त्या हसल्या आणि सावकाश म्हणाल्या, 'तोऽफु'. लांब 'तो', आखूड 'फु'. मी परत म्हटलं. त्यांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा ठोकळा पिशवीत पडला.

त्या एका शब्दात मराठी माणसाची जपानीतली सगळ्यात मोठी अडचण आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण सवयीने दीर्घ करतो. 'सुशी' आपण दीर्घ लिहितो, तिथे तो 'सुशि' आहे. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी, आणि हा फरक चुकला की पन्नाशीच्या बाईंना वाईट वाटतं. वर्गात शिक्षक वीस जणांचं ऐकतात, समजून घेतात, पुढे जातात. दुकानातल्या आजी समजून घेत नाहीत, त्यांना खरंच कळत नाही. म्हणून तिथे जीभ सुधारते.

मी आठवड्यातून तीनदा जायला लागले. मोमेन, म्हणजे कापडात दाबलेला घट्ट तोफु, घ्यायचा, घरी भुर्जी करायची. महिन्याभराने त्यांनी विचारलं, एवढ्या तोफुचं करतेस काय? हळद हा शब्द मला येत नव्हता. 'पिवळी पावडर, जमिनीखालून येते' असं काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शब्द शोधून गेले: 'उकोन'. त्यानंतर त्या मला ओकारा द्यायला लागल्या, सोयाबीनचा उरलेला चोथा, आणि मी तो थालीपिठात घालून एक थालीपीठ त्यांना नेऊन दिलं. आभार मानण्याची, नको म्हणण्याची, पुन्हा मागण्याची भाषा, जी पुस्तकात कितीही वाचली तरी तोंडात बसत नाही, ती मी त्या टाक्यापाशी उभी राहून शिकले.

तुझी जागा वेगळी असेल. वॉर्डाच्या वाचनालयात लहान मुलांच्या पुस्तकांचं कपाट असतं, कांजीवर उच्चार लिहिलेले. पत्त्याची नोंद झाली की कार्ड मिळतं. बहुतेक वॉर्डांत स्वयंसेवक जपानी शिकवतात, फुकट किंवा अगदी नाममात्र पैशांत. तिथे निवृत्त आजोबा-आजी येतात आणि त्यांना तुझ्याशी गप्पा मारायलाच हव्या असतात. किंवा सेन्तो, सार्वजनिक स्नानगृह. तोक्योत ऑगस्ट २०२४ पासून ५५० येन पडतात. आपल्याला सगळ्यांसमोर कपडे काढण्याचा संकोच वाटतो, पहिल्या वेळी मलाही रडू येईल असं वाटलं होतं. पाच मिनिटांत कळतं की कुणी बघत नाही. आधी खालच्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. भिंतीवर फुजीचं चित्र, हातात पिवळं घंगाळ आणि शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं: 'कुठून आलात?'

आणि उत्तर देताना इंग्रजीतून विचार करू नकोस. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते. मराठीतून कर. क्रियापद शेवटी, 'घरात', 'पुण्याहून' यांसारखं सगळं नामाच्या मागून, हे तर आहेच. पण त्याहून गंमत पुढे आहे. 'करून बघ' हे 'यात्ते मिरु'. 'यात्ते' म्हणजे करून, 'मिरु' म्हणजे बघणं, शब्दाला शब्द. 'विकत घेऊन ठेव' हे 'कात्ते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणंच. 'खाऊन टाकलं' यातल्या 'टाकलं'ची जी छटा आहे ती 'ताबेते शिमात्ता'त जशीच्या तशी आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर पानभर टीप वाचावी लागते, आपल्याला ती आईच्या दुधातून आली आहे. तिचा फायदा घे.

आता बाहेर पडणं. पहिल्या महिन्यात लांब कुठेच जाऊ नकोस. तोदेन आराकावा ही ट्राम पकड. वासेदापासून मिनोवाबाशिपर्यंत १२.२ किलोमीटर, ३० थांबे, एकच डबा, घरांच्या मागच्या अंगणांना खेटून जाणारी. दिवसभराचा पास काढ आणि चढ-उतर करत राहा. किशिबोजिन्माए थांब्यावर उतर. तिथे किशिमोजिनचं देऊळ आहे. ही आपली हारीती. लोकांची मुलं पळवून खाणारी यक्षिणी, बुद्धाने तिचं धाकटं पोर लपवलं तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ती तिचा नवरा पांचिक याच्याबरोबर बसलेली आहे. तू अजिंठा शाळेच्या सहलीत पाहिलं असशील, तिच्यासमोरून पुढे गेलाही असशील. तोक्योत मात्र बायका तान्ह्या मुलांना घेऊन तिच्या पायरीशी येतात. अंगणात सहाशेहून जास्त वर्षांचा गिंक्गोचा वृक्ष आहे आणि त्याच्याजवळ १७८१ पासून चालत आलेलं लहान मुलांच्या खाऊचं दुकान. तिथे काही येनांत गोळ्या मिळतात. एक घे आणि ती कशाची आहे ते विचार.

पुढे कोशिन्झुका थांबा, तिथून सुगामोची जिझो-दोरि. आजी-आजोबांचा बाजार म्हणून प्रसिद्ध. ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. म्हातारी माणसं सावकाश बोलतात, पुन्हा सांगायला कंटाळत नाहीत. नवख्याला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. आसाकुसाला जाशील तेव्हा मोठ्या देवळातल्या गर्दीनंतर दहा मिनिटं चालून मात्सुचियामा शोदेनला जा. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत. भक्त मुळा वाहतात, पांढरा जाडजूड दाइकोन. मोदकाच्या जागी मुळा बघून मी त्या दिवशी बराच वेळ तिथे बसून राहिले होते.

डोंगराची ओढ असेल तर ताकाओ-सान. शिन्जुकुहून केइओ लाइनने तासाभरात ताकाओसानगुचि. उंची ५९९ मीटर, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. एक नंबरची वाट फरसबंद आणि गर्दीची, सहा नंबरची ओढ्याच्या काठाने जाते, ती घे. वाटेत समोरून येणारा प्रत्येक जण 'कोन्निचिवा', म्हणजे नमस्कार, म्हणतो, शहरात अनोळखी माणूस तुला कधी म्हणणार नाही. उत्तर देत देत वर जा. तिथली तोरोरो सोबा, म्हणजे किसलेल्या कंदाबरोबरच्या शेवया, नावाजलेली आहे, पण तीत दाशि, तेव्हा डबा ने.

लांबच्या प्रवासाबद्दल दोन गैरसमज. जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा पास पर्यटकांसाठी आहे, विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा रेल्वे पास बऱ्याच लँग्वेज स्कूलना लागू नसतो, शाळेत विचारूनच काय ते ठरव. तुझ्या कामाचं तिकीट सेइशुन १८. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. सुट्ट्यांच्या हंगामातच मिळतं. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग दिवसांचं झालं: तीन दिवसांचं १०,००० येन, पाच दिवसांचं १२,०५०. फक्त जेआरच्या साध्या आणि जलद गाड्या, शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नाही.

त्यावर ओकायामाला जा. आतामि, हामामात्सु, तोयोहाशि, माइबारा अशा गाड्या बदलत ओसाकाला मुक्काम, दुसऱ्या दिवशी ओकायामा. तिथली कोराकुएन ही जपानच्या तीन प्रसिद्ध बागांपैकी एक, १७०० साली पूर्ण झालेली. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरूनच बेतलं आहे. पुण्यात शिकलास, तर त्या बागेत गेलाच असशील. ओकायामात पाऊल ठेवल्यावर ओळखीचं वळण येतं, तोच ओढा, तसाच पूल, आणि मग झाडांवरून नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो आणि कळतं की हे मूळ आहे. या बागेत भाताची खाचरं आणि चहाची झुडपंही आहेत. तिकीट देणाऱ्याला सांग की पुण्याहून आलोय. मी सांगितलं होतं. त्यांना पुणे माहीत होतं.

कामाबद्दल. आठवड्याला २८ तास, सगळ्या ठिकाणचे मिळून. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. हे ओलांडू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. व्हिसा वाढवताना करपात्र मिळकतीचा दाखला आणि हजेरी दोन्ही बघतात. ऑक्टोबर २०२५ पासून तोक्योतलं किमान वेतन ताशी १२२६ येन आहे, रात्री दहा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त. म्हणून मुलं रात्रपाळीला बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्यात जातात. पैसे मिळतात, पण आठ तास पट्ट्यावर भात भरायचा, एक शब्द बोलायचा नाही आणि सकाळी वर्गात झोपायचं. माझं म्हणणं, थोडे कमी मिळाले तरी जिथे गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं ते काम घे. सुरुवातीला रागावतील, घाम फुटेल. तीन महिन्यांत आदरार्थी भाषा जिभेवर बसेल.

सायकल घेतलीस तर दुकानातच तिची नोंदणी करून घे. छत्री धरून किंवा फोन बघत चालवू नकोस, एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही दंडाची पावती मिळते.

आणि डिसेंबर. याची तयारी मनाने ठेव. साडेचारला सूर्य मावळतो. संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यांवरून लहान मुलांनी घरी जावं म्हणून सूर वाजतात आणि नेमकं त्या वेळी घर आठवतं. त्यात भारत साडेतीन तास मागे. घरची मंडळी रात्री जेवून नऊला फोन करतात तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. मुलं जागतात, मग हजेरी घसरते. आईला सांग, तुझ्या रात्री आठला, म्हणजे तिच्या साडेचारच्या चहाला बोलायचं. तेवढ्याने सहा महिन्यांची झोप वाचते. फारच उदास वाटलं तर खोलीत बसू नकोस, आपल्या त्या ठरलेल्या जागी जा. काही घेऊ नकोस, नुसतं नमस्कार करून ये.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोहोचशील तेव्हा साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर ओसरत आलेला असेल, पाकळ्या गळत असतील. बॅगा उघडायच्या राहू देत. त्याच ट्रामने असुकायामाला उतर. अठराव्या शतकात शोगुन, म्हणजे जपानचा तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, योशिमुने याने सामान्य लोकांनी बघावीत म्हणून तिथे चेरीची झाडं लावली. निळ्या चादरी पसरून लोक बसलेले असतील. कोम्बिनीतून उमेबोशिची ओनिगिरी आणि चहाची बाटली घे, कडेच्या एखाद्या चादरीजवळ उभा राहा आणि विचार, 'कोको, इइ देस का?' इथे बसू का? ते सरकून जागा करतील.